पर्माकल्चरचं प्रमाणपत्र नाही, तरी या कामात उतरता येईल का?

तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, वय सव्वीस, आयटीआय करून बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये कामाला. गावी, जांबोटीच्या बाजूला, वडिलांची दोन एकर जमीन आहे. निम्मी भाताची, निम्मी चढावरची भरड. पर्माकल्चरबद्दल, म्हणजे निसर्गाची रीत बघून पाणी, माती, झाडं, पिकं आणि गोठा यांची एकत्र, टिकाऊ आखणी करण्याबद्दल, वाचून-बघून मन तिकडे ओढलंय आणि पुढे लोकांच्या जमिनींची आखणी करून देणं हाच व्यवसाय करावा असं वाटतंय. कोर्सची फी आत्ता झेपणारी नाही. म्हणून विचारताय की प्रमाणपत्र नसताना काम कोण देईल, आणि सुरुवात कुठून करायची.

काम मिळेल. या भागात ज्या शेतकऱ्यांनी मला जमीन दाखवायला बोलावलं, त्यांच्यापैकी कुणी कागद मागितल्याचं मला आठवत नाही. ते विचारतात, 'तुमचं स्वतःचं रान कुठं आहे आणि बघायला कधी येऊ?' दुसऱ्या माणसाची जमीन, त्याचा एक हंगाम आणि त्याने साठवलेले पैसे तुमच्या शब्दावर लागणार आहेत. तो शब्द कशाच्या जोरावर द्यायचा, हा तुमचा खरा प्रश्न आहे. माझ्या मते त्याचं उत्तर एकच: तुमच्या हातची अशी जमीन, जी एप्रिल-मे महिन्यात दाखवता येते.

एप्रिल-मे मुद्दाम म्हणतोय. कणकुंबी-जांबोटीकडे ऑगस्टमध्ये दगडावरही हिरवळ येते. त्या दिवसांत कुणाचंही रान सुंदर दिसतं आणि त्यावरून काहीच कळत नाही. एप्रिलच्या शेवटी, वळीव पडायच्या आधी, झाडाच्या बुडातली माती उकरली तर ओल लागते का, विहिरीत पाणी किती हात आहे, गेल्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांपैकी किती जिवंत आहेत, हे कुणालाही डोळ्यांनी दिसतं. शेतकरी त्यावरूनच माणूस ओळखतो. त्यामुळे पुढे जे सांगतो ते सगळं 'उन्हाळ्यात दाखवता येणारी जमीन' डोळ्यांसमोर ठेवून वाचा.

आधी कागदांचा गोंधळ सोडवू, कारण तीन वेगवेगळे कागद एकाच नावाने ओळखले जातात. पहिला, पर्माकल्चर डिझाइनच्या ७२ तासांच्या कोर्सचा. तो शिकवणारा शिक्षक स्वतः देतो. तो सरकारी परवाना नाही आणि तो नसताना कुणाला जमिनीची आखणी करून दिली तर कोणताही कायदा मोडत नाही. दुसरा, सेंद्रिय मालाचा. तो पिकाला आणि शेताला मिळतो, सल्ला देणाऱ्याला नाही. परदेशी बाजारासाठी एनपीओपीचं, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं, प्रमाणीकरण आहे. देशातल्या बाजारासाठी पीजीएस ही सहभागी हमीची पद्धत आहे, त्यात किमान ५ शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. तुमच्या गिऱ्हाइकाला हा कागद लागू शकतो, तेव्हा त्याची पद्धत माहीत असू द्या. तिसरा कागद मात्र खरोखर सक्तीचा आहे आणि नवीन माणूस त्याच्याकडेच दुर्लक्ष करतो. सल्ल्यासोबत बी-बियाणं, खत किंवा कीटकनाशक विकायला लागलात की कृषी खात्याचा परवाना लागतो. आणि कुणाच्या रानातलं उभं झाड तोडायचं तर १९७६ च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याखाली वन खात्याची परवानगी बघावी लागते. काही जातींना सूट आहे, पण आखणीत 'हे झाड काढा' असं लिहिण्याआधी ती तपासायची जबाबदारी तुमची.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो. तुम्हाला पुढे हेच शिकवायचं असेल, किंवा एखाद्या संस्थेच्या पाणलोट प्रकल्पात पगारी काम हवं असेल, तर तिथे कागद मागतात, कधी कोर्सचा, कधी कृषी पदवीचाच. पुण्या-बेंगळुरूच्या काही जमीनमालकांनाही कागद बघून धीर येतो. तुमच्याकडे स्वतःची दोन एकर आहे, हे तुमचं मोठं बळ आहे. ज्याच्याकडे गुंठाही नाही त्याला मी वेगळा सल्ला दिला असता: आधी कुणाचं तरी परडं, म्हणजे घरालगतची बाग, तीन वर्षांच्या बोलीवर घे. आणि घरचे तुमच्या बाजूने आहेत का, यावरही बरंच काही ठरतं. वडील भाताच्या खाचरात हात लावू देणार नसतील, तर त्या चढावरच्या भरडीतला वीस गुंठ्यांचा तुकडा मागून घ्या. तेवढा सुरुवातीला भरपूर होतो.

पदवी नसण्याबद्दल मनात कमीपणा असेल तर कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांची आठवण ठेवा. ते गणिताचे प्राध्यापक. त्यांनी प्रयोग परिवाराच्या नावाने शेतकऱ्यांना जोडलं, प्रत्येकाने आपल्या रानात प्रयोग करायचा, मोजायचं आणि दुसऱ्याला सांगायचं, आणि दहा गुंठ्यांत एक कुटुंब कसं जगेल याचा हिशेब मांडला. पर्माकल्चरची मांडणी १९७० च्या दशकात टास्मानियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी केली. त्याच काळात आपल्या शेजारच्या जिल्ह्यात हे काम चालू होतं. दोघांकडून घ्यायची गोष्ट एकच आहे: बघणं आणि नोंद ठेवणं.

बघायचं काय? आपल्या भागात पहिलं पाणी. बेळगाव जिल्ह्यासारखा जिल्हा या कामाला शाळा म्हणून शोधून सापडणार नाही. कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, वर्षाचा पाऊस ४,००० मिलिमीटरच्या वर जाणं नवलाचं नाही. बेळगाव शहरात तो साधारण १,२०० ते १,३०० असतो. अथणीत ५०० च्या आसपास. कणकुंबी ते अथणी सरळ रेषेत दीडशे किलोमीटरही भरत नाही. एवढ्या अंतरात पावसाचं मान आठपट बदलतं, आणि माती तांबड्या जांभ्यापासून खोल काळीपर्यंत जाते. व्हिडिओत दाखवलेली एकच पद्धत या पट्ट्यात सगळीकडे लागू होईल हे शक्यच नाही, आणि नवीन माणसाकडून सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं.

उदाहरण समपातळी चरांचं, म्हणजे उताराला आडव्या, एकाच पातळीत खणलेल्या चरांचं घेऊ, कारण पर्माकल्चर म्हटलं की लोक आधी जेसीबी बोलावून चर मारतात. हिशेब साधा आहे: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे १०० मिलिमीटर पावसाला एका एकरावर ४ लाख लिटर पाणी पडतं. तुमच्याकडे जुलैत एका दिवसात एवढा पाऊस पडणं ही काही मोठी गोष्ट नाही, आणि तोवर माती आधीच पाणी पिऊन गच्च झालेली असते. अशा जागी सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायची वाट, न ठेवता चर मारला तर तो भरतो, फुटतो, आणि खालच्या शेजाऱ्याच्या भाताच्या खाचरात माती घेऊन उतरतो. पाण्याचं नुकसान एका बाजूला, बांधावरचं भांडण दुसऱ्या बाजूला, आणि ते भांडण पुढच्या पिढीपर्यंत जातं. म्हणून जांबोटीच्या पट्ट्यात माझ्या आखणीत पहिली रेघ असते ती पाणी बाहेर कुठून जाणार याची. दगडी सांडवा, त्याखाली गवताने धरलेली वाट, मग ती ओढ्याला मिळते. पाणी अडवायचं ते पावसाच्या शेवटी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जेव्हा जोर ओसरलेला असतो आणि जमिनीत मुरलेलं पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरायचं असतं.

हीच गोष्ट सौंदत्ती-गोकाकच्या काळ्या रानात वेगळी होते. खोल काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. समपातळीत मारलेल्या बांधामागे पाणी तुंबून पीक पिवळं पडतं, आणि उन्हाळ्यात बांधालाच भेगा पडून पहिल्या मोठ्या पावसात तो फुटतो. तिथे बांधाला किंचित उतार देतात, शंभर मीटरला साधारण २० ते ४० सेंटिमीटर, म्हणजे पाणी हळूहळू सरकत एका ठरावीक जागी बाहेर पडतं. अथणीच्या बाजूला हलक्या, मुरमाड रानात मात्र समपातळी चर खरंच सोन्याचं काम करतो, कारण तिथे पाऊस कमी आणि जमीन पाणी पिणारी. एकच चर, तीन ठिकाणी तीन निकाल. हे कळण्यासाठी कोर्स लागत नाही, पण तिन्ही ठिकाणी पावसात उभं राहावं लागतं.

निपाणी-चिकोडीकडून कुणी बोलावलं तर प्रश्न आणखी वेगळा. तिथे पाणी आहे, ऊस आहे, पूर्वीपासून तंबाखू आहे. कृष्णाकाठच्या काही रानांत वर्षानुवर्षं भरपूर पाणी देऊन जमीन क्षारपड झालेली असते. तिथे पाणी अडवायचा सल्ला देणं म्हणजे दुखणं वाढवणं. तिथे निचरा आधी. नदीकाठची जमीन असेल तर २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी कुठवर आलं होतं ते गावातल्या माणसाला विचारून त्या रेषेच्या वरच कायमची झाडं आणि गोठा ठेवा. उसाचं पाचट जाळतात तिथे पहिलं आणि सगळ्यात स्वस्त काम म्हणजे काडी ओढू न देणं. एकरी तीन-चार टन पाचट निघतं. ते सरीत दाबलं तर दोन-तीन वर्षांत मातीचा रंग बदललेला दिसतो. शेतकऱ्याला त्यासाठी कुठलाही नवा शब्द शिकवायची गरज पडत नाही.

आता तुमच्या वीस गुंठ्यांत हे शिकायचं कसं, ते सांगतो. यंदाच्या पावसाळ्यात काहीही खणू नका. पावसात छत्री घेऊन, जमल्यास धो-धो पडत असताना, चढावर फिरा. पाणी कुठून आत येतं, कुठे गढूळ होतं, कुठे थांबतं, कुठे गाळ सोडतं, हे कागदावर काढा. तुमच्या वडिलांच्या आणि आजोबांच्या काळच्या भाताच्या बांधांकडे बारकाईने बघा. ते बांध उगीच वाकडे नाहीत. जमिनीची पातळी धरूनच ते गेलेत. बांधातून पाणी सोडायची मोरी कुठल्या कोपऱ्यात ठेवलीय आणि तिथेच का, हे वडिलांना विचारा. आपल्या भागात समपातळीचं सगळ्यात चांगलं पुस्तक म्हणजे ही खाचरं.

मग तीन मोजण्या शिका. पहिली, लेवल. तीन काठ्यांची ए-आकाराची चौकट, मधून दोऱ्याला बांधलेला दगड, एवढ्यावर समपातळी रेषा काढता येते. गवंडी वापरतात ती पाण्याची लेवल नळी त्याहून सोपी. दोन्हींनी एकच रेषा काढून पडताळून बघा. वर्कशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला हे एका दुपारी जमेल. दुसरी, माती. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती आणि वर पाणी घालून खळाळून हलवा आणि एक दिवस ठेवा. तळाला वाळू, मध्ये पोयटा, वर चिकण असे थर बसतात. प्रत्येक थर पट्टीने मोजला की मातीचा अंदाज मिळतो. तिसरी, मुरणं. एक फूट खोल खड्डा काढून पाण्याने भरा, ते जिरू द्या, पुन्हा भरा आणि दुसऱ्या वेळी पाणी किती वेळात खाली जातं ते घड्याळ लावून लिहा. चढाच्या वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी हे केलं की त्या वीस गुंठ्यांबद्दल तुम्हाला तालुक्यात कुणाहीपेक्षा जास्त माहिती असेल.

याच्या जोडीला एक नोंदवही. विहिरीचं पाणी दर महिन्याच्या एकाच तारखेला दोरीने मोजा. पाऊस घरी मोजा किंवा राज्याच्या नैसर्गिक आपत्ती निरीक्षण केंद्राने ग्रामपंचायतींत बसवलेल्या पर्जन्यमापकांचे आकडे घ्या. एकाच जागेवर उभं राहून एकाच दिशेचा फोटो दर महिन्याला काढा. रोपं किती लावली, किती मेली, कशाने मेली. कुणाची किती दिवसांची मजुरी लागली. खर्च किती झाला. दोन वर्षांनी ही वही हेच तुमचं प्रमाणपत्र असेल, आणि ती कुठल्याही शहरी गिऱ्हाइकाला छापील कागदापेक्षा जास्त पटते, कारण तिच्यात मेलेल्या रोपांचाही हिशेब असतो.

लावणीचं थोडक्यात सांगतो, कारण ते तुमच्या गावातच शिकायला मिळेल. तुमच्या चढावर फणस, कोकम, आंबा, जांभूळ, काजू आधी. त्यांच्या सावलीत हळद, सुरण, आलं. झाडं वाढली की मिरीचे वेल. खड्डे उन्हाळ्यात काढून तापू द्या. रोप भुईसपाट न लावता उंचवट्यावर लावा, नाहीतर जुलैत मुळाशी पाणी साचून कुजतं. कुंपणाला गिरीपुष्पाच्या फांद्या पावसाच्या तोंडावर रोवा. त्यांचा पाला खाचरात हिरवं खत म्हणून जातो. निरगुडीला शेळी तोंड लावत नाही, म्हणून बाहेरची ओळ तिची. हे कुंपण तुम्ही समजता त्याहून महत्त्वाचं आहे. भाताची सुगी संपली की आपल्याकडे जनावरं मोकळी सुटतात, आणि नोव्हेंबरपर्यंत उत्तम वाढलेली रोपं एका दुपारी शेळ्या संपवतात. गवे आणि रानडुकरांचा त्रास असेल तर सौर झटका मशीन चालतं. विजेच्या लाइनवरून थेट तारेत करंट सोडणं हा गुन्हा आहे आणि त्याने माणसं मेलीत. असं कुंपण कुणाच्या आखणीत चुकूनही सुचवू नका, मालकाने आग्रह धरला तरी काम सोडा.

पहिला उन्हाळा निभावण्यासाठी मडकी वापरा. बिनझिलईचं मडकं रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं, झाकायचं. पाणी झिरपत राहतं आणि मुळं तिकडे वळतात. खानापूर तर कुंभारकामासाठी प्रसिद्ध. खादी ग्रामोद्योगाची मध्यवर्ती कुंभारकाम संस्था तिथेच आहे. मडक्यासाठी तुम्हाला दुसऱ्या गावी जायला नको.

गिऱ्हाइकं कुठून येतील? तीन प्रकारची येतात. आपल्या गावातली आणि पाहुण्यांतली माणसं, ज्यांना परड्यात भाजी आणि चार फळझाडं नीट लावून हवी असतात. मग मोठे शेतकरी, ज्यांचा ऊस किंवा सोयाबीन थकलंय. आणि तिसरे शहरातले नवे मालक. २०२० मध्ये कर्नाटकाने जमीन सुधारणा कायद्यातली ७९-अ आणि ७९-ब ही कलमं काढल्यापासून शेतकरी नसलेल्या माणसालाही इथे शेतजमीन घेता येते, महाराष्ट्रात ती सोय नाही. त्यामुळे बेळगाव, गोवा, पुणे, बेंगळुरूकडची माणसं खानापूरकडे जमीन घेताना दिसतात.

सुरुवात परड्यांपासून करा. परडं लहान असतं, पाणी घरचं असतं, मालकीण रोज बघते आणि तिसऱ्या महिन्यात भाजी दिसते. चार परडी चांगली झाली की अक्का-वहिनी स्वतःच तुमचं नाव चार घरी सांगतात. शहरी मालकाचं काम पहिल्या वर्षी घेऊ नका. तो लांब राहतो, त्याला सगळं पहिल्या पावसात हवं असतं, राखणीला माणूस नसतो, आणि रोपं मेली की दोष आखणीला जातो. पुढे घ्याल तेव्हा पहिली अट ही ठेवा की जमिनीवर राहणारं किंवा रोज येणारं कुणीतरी असलं पाहिजे.

शेतकऱ्यांशी बोलताना आणखी एक जपा. जीवामृत, आच्छादन, मिसळीची पिकं हे त्यांना नवीन नाही. नैसर्गिक शेतीचा प्रचार करणाऱ्या सुभाष पाळेकरांची शिबिरं आणि रयत संघ या शेतकरी संघटनेची माणसं यांच्यामुळे कर्नाटकात वीस-पंचवीस वर्षं हे बोलणं चालू आहे. १० किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि २०० लिटर पाणी हे जीवामृताचं प्रमाण अनेकांना तोंडपाठ आहे. बेळगावच्या शहापूर-वडगावच्या रानात भातानंतरच्या ओलीवर मसूर घेतात, ती तर पिढ्यांची चाल. तुम्ही त्यात भर घालता ती जागेची: विहीर, गोठा, खत, झाडं आणि पिकं एकमेकांपासून कुठे ठेवली तर माणसाची फेरी आणि पाणी वाचतं. एवढंच बोला. त्यांना येणारी गोष्ट नव्या नावाने त्यांनाच सांगायला गेलात तर ते ऐकून घेतात आणि पुन्हा बोलावत नाहीत.

पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण नवीन माणूस इथेच संकोचतो. पहिल्या भेटीपासून पैसे घ्या, अगदी पाहुण्याकडूनही. किती? सुरुवातीला आपल्या भागात चांगल्या गवंड्याची जी दिवसाची हजेरी चालते तेवढी, वर येण्याजाण्याचा खर्च. हा आकडा कुणालाच जास्त वाटत नाही आणि तुम्हालाही कमीपणा येत नाही. आखणी, काम करून घेणं आणि रोपं-साहित्य यांचे पैसे वेगवेगळे लिहा. निम्मे आगाऊ घ्या. रोपवाटिकेकडून कमिशन घेऊ नका. घेतलंत की कुठली रोपं सुचवायची हे जमीन ठरवत नाही, रोपवाटिका ठरवते. आणि माझ्या फीमध्ये तीन फेऱ्या धरलेल्याच असतात: जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसात एक, ऑक्टोबरमध्ये पाऊस उघडल्यावर एक, आणि पुढच्या एप्रिलमध्ये एक. पहिलीत पाणी कुठे चुकलं ते दिसतं, दुसरीत काय रुजलं ते, तिसरीत काय टिकलं ते. तिसरी फेरी न करता पैसे घेणाऱ्याला मी या कामातला मानत नाही.

एका पानावर साधं लिहून द्या: आपण काय करणार, काय करणार नाही, काय मालकाने करायचं. किती पिकेल याची हमी द्यायची नाही. फळझाडांपासून पहिल्या तीन-चार वर्षांत उत्पन्नाची आशा दाखवायची नाही.

कानडीचं काय, असं पुढे विचाराल. खानापूर आणि बेळगाव तालुक्यात मराठीवर भागतं. हुक्केरी, गोकाक, सौंदत्तीला नाही. कोर्ट-कचेरीची कानडी नको, रानातली पुरे: पाऊस, पाणी, उतार, विहीर, बांध, मजुरी. बोलायला लागलात की तिकडचे अण्णा आपणहून सुधारून देतात. वाचायला मात्र नीट शिका, कारण जमिनीचा उतारा कानडीत असतो. प्रत्येक कामाआधी उतारा बघा: सर्व्हे नंबर, हिस्सा, आणि खराब क्षेत्र. 'ब' खराबात ओढा, गाडीवाट अशा सार्वजनिक जागा येतात. तिथे शेततळं किंवा कुंपण आखलंत तर मालक अडचणीत येतो. खानापूरकडे जमीन जंगलाला लागून असेल तर हद्दीचे दगड स्वतः बघा.

फुकट शिकण्याच्या जागा बऱ्याच आहेत. बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोप्पचं केएलई कृषी विज्ञान केंद्र, गोकाकच्या बाजूला तुक्कानट्टीचं केंद्र, धारवाडचं कृषी विद्यापीठ आणि त्याचा वार्षिक कृषी मेळावा. होबळीच्या, म्हणजे तालुक्यातल्या महसुली मंडळाच्या, रयत संपर्क केंद्रात माती परीक्षण आणि योजनांची माहिती मिळते. आणि पाणलोट योजनेत दहा-पंधरा वर्षांपूर्वी जिथे बांध घातले, ती ठिकाणं जाऊन बघा. कुठला टिकला, कुठला फुटला आणि का, हे त्या बांधांवर उभं राहून जेवढं कळतं तेवढं मला कुठल्याच वर्गात कळलं नाही.

मी स्वतः ७२ तासांचा कोर्स केला, पण कामाला लागून बरीच वर्षं झाल्यावर. उपयोग झाला, कारण माझ्याकडे विचारायला प्रश्न होते. तुम्हीही दोन उन्हाळे काढल्यावर, वहीत प्रश्न साठल्यावर, कमाईतून फी भरून करा. तोवर कर्ज काढून करू नका.

नोकरीही आत्ता सोडू नका. वीस गुंठ्यांना सुट्टीचे दिवस आणि सकाळ-संध्याकाळ पुरते. मातीकामाचे दिवस म्हणजे सुगीनंतर फेब्रुवारी ते मे. त्या काळात रजा राखून ठेवा, कारण मजूरही तेव्हाच मिळतात. वर्षाला चार-पाच परड्यांची कामं आणि त्यांच्या तिन्ही फेऱ्या नोकरी सांभाळून व्हायला लागल्या, आणि नवीन लोक तुमची जमीन बघून यायला लागले, म्हणजे सोडायचा विचार करा.

पावसात फिरून नकाशा काढलात की चढ कुठल्या दिशेला आहे, विहीर कुठे आहे आणि मुरण्याच्या तिन्ही खड्ड्यांत पाण्याला किती वेळ लागला, एवढं लिहून कळवा. सांडवा कुठे घ्यायचा ते मग नेमकं सांगता येईल.